मुलाखतीनंतरचे आभारपत्र : सौजन्य कोठे संपते?

मुलाखतीच्या दालनातून उमेदवार बाहेर पडला, की त्याच्या हातचे सारे संपले आणि आता उरली ती केवळ निकालाची प्रतीक्षा, अशी आपल्याकडील पूर्वापार समजूत आहे. अलीकडे मात्र महाविद्यालयांतील रोजगार मार्गदर्शन कक्षांतून तरुणांना एक नवा धडा दिला जातो. मुलाखत आटोपली, की चोवीस तासांच्या आत मुलाखत घेणाऱ्यांना आभाराचे पत्र पाठवावे, हा तो धडा होय. तालुक्याच्या गावाहून आलेला, घराण्यातील पहिलाच पदवीधर असलेला तरुण हे ऐकून गोंधळून जातो. पत्र पाठविले तर लाचारी दिसेल काय? न पाठविले तर उद्धटपणा ठरेल काय? खाजगी कंपनीला जे पाठवावयाचे तेच जिल्हा परिषदेच्या निवड समितीलाही पाठवावे काय? हे प्रश्न अखेर गावातील शिक्षकांकडे, नाहीतर पंचायतीच्या एखाद्या जाणत्या सदस्याकडे येतात. शिवाय आपणांपैकी अनेकांना कधी ना कधी निवड समितीवर बसण्याचा प्रसंग येतो व असे पत्र स्वतःच्याच हाती पडते. म्हणून वरकरणी किरकोळ वाटणारा हा विषय येथे जमलेल्या शिक्षकबंधूभगिनींपुढे, अधिकाऱ्यांपुढे व पंचायत सदस्यांपुढे मुद्दाम ठेवण्यात येत आहे.

ही प्रथा मूळची अमेरिकेतील. तेथे बहुतेक नोकऱ्या म्हणजे मालक आणि उमेदवार यांच्यातील खाजगी करार. भेदभावाला प्रतिबंध करणाऱ्या कायद्यांची मर्यादा सांभाळून कोणाला घ्यावे आणि कोणाला घेऊ नये, हे ठरविण्यास मालक पुष्कळसा मुखत्यार असतो. ज्याने मुलाखत घेतली त्याच्याच हाताखाली पुढे काम करावयाचे, असेही अनेकदा घडते. अशा स्थितीत ज्या गृहस्थाने आपल्यासाठी तासभर खर्च केला, कारखाना हिंडून दाखविला, त्याला दोन ओळी लिहून पोच देणे हे तेथील शिष्टाचारात सहजच बसते. पुण्या-मुंबईतील परदेशी कंपन्यांच्या कचेऱ्यांमधून आणि परदेशी नोकरीस गेलेल्या आपल्याच मुलामुलींच्या अनुभवातून ही रीत आपल्याकडे आली. ती परकी आहे एवढ्यावरून टाकाऊ ठरत नाही. मात्र ज्या मातीत ती रुजली ती माती आपल्याकडे सर्वत्र नाही, याचे भान ठेवूनच तिचा स्वीकार केला पाहिजे.

आपल्याकडे शासकीय सेवेतील निवड हा खाजगी करार नव्हे. संविधानाच्या सोळाव्या अनुच्छेदाने सार्वजनिक सेवायोजनात प्रत्येक नागरिकाला समान संधीची हमी दिलेली आहे. त्यामुळे मुलाखतीचे बोलावणे आले ते कोणाच्या मेहेरबानीने नव्हे, तर पात्रतेच्या आणि गुणांच्या जोरावर. समितीने उमेदवाराचे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले, तेही कर्तव्य म्हणून. मराठी भाषेत आभार मानतात आणि उपकार फेडतात, हा भेद फार अर्थपूर्ण आहे. ज्याने आपले कर्तव्य केले त्याचे आभार मानण्यास हरकत नसावी, असे कोणी म्हणेल. पण निकाल लागण्यापूर्वी मानलेल्या आभारांचे रूपांतर उपकारांच्या अपेक्षेत होण्यास वेळ लागत नाही, आणि निदान पाहणाऱ्याला तरी ते तसे दिसतेच. शासकीय जाहिरातींच्या तळाशी जे एक वाक्य छापलेले असते, कोणत्याही प्रकारे वशिला लावण्याचा प्रयत्न केल्यास उमेदवार अपात्र ठरेल, त्यातील ‘कोणत्याही प्रकारे’ हे शब्द उगाच घातलेले नाहीत. दोन ओळींच्या आभारपत्रावरून कोणाला कोणी अपात्र ठरवील, असे नव्हे. परंतु ज्या पत्राने लाभ काहीच व्हावयाचा नाही आणि झालाच तर संशय निर्माण व्हावयाचा, ते लिहावेच कशाला?

शासकीय निवडीची सारी रचनाच उमेदवार आणि परीक्षक यांच्यात अंतर राखण्यासाठी केलेली आहे. संघ लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत मुख्य लेखी परीक्षेला १,७५० आणि मुलाखतीला २७५ असे एकूण २,०२५ गुण असतात. या मुलाखतीसाठी आपल्या वाट्याला कोणते मंडळ येणार, हे उमेदवाराला आधी कळू दिले जात नाही. बिहार लोकसेवा आयोगाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१२ मध्ये असा निर्णय दिला, की मुलाखत मंडळावरील सदस्यांची नावे व पत्ते माहितीच्या अधिकाराखालीही उघड करणे बंधनकारक नाही. जी नावे कायद्यानेच पडद्याआड ठेवली, ती इकडून तिकडून मिळवून त्या पत्त्यावर आभारपत्र धाडणे हे सौजन्य खासच नव्हे.

हे अंतर राखण्याची आवश्यकता का वाटली, त्यालाही इतिहास आहे. श्रीनगर येथील प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रवेशासंबंधीचे अजय हसिया यांचे प्रकरण १९८० च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने निकालात काढले. तेथे लेखी परीक्षेस १०० आणि मुलाखतीस ५० गुण होते. प्रत्येक उमेदवाराची मुलाखत सरासरीने दोन-तीन मिनिटांतच उरकली गेली होती आणि विचारलेले प्रश्नही विषयाला धरून नव्हते. एकूण गुणांच्या एकतृतीयांश गुण मुलाखतीच्या हवाली करणे मनमानीचे आहे, पंधरा टक्क्यांहून अधिक गुण त्यासाठी नसावेत, असे न्यायालयाने सांगितले. मुलाखती ध्वनिमुद्रित कराव्यात अशीही इष्टता व्यक्त केली. पुढे केंद्र शासनाने १ जानेवारी २०१६ पासून गट ‘क’ आणि गट ‘ब’ अराजपत्रित पदांसाठी मुलाखतच रद्द केली. तोंडी परीक्षेत वशिल्याला वाव मिळतो, हा लोकांच्या मनातील संशय किती खोल होता, हे यावरून ध्यानी येते. ज्या गरीब घरातील मुलाने रात्री जागवून लेखी परीक्षेत गुण मिळविले, त्याला मुलाखतीच्या पाच मिनिटांत आपले काय होईल याची धास्ती वाटत आली आहे. आपल्या शेजारच्या उमेदवाराने साहेबांना पत्र लिहिले, साहेबांची भेट घेतली, असे त्याच्या कानावर गेले तर त्याने काय समजावे?

‘भेट’ या शब्दावरून एक गोष्ट सुचते. ‘मुलाखत’ हा शब्द मूळचा अरबी आणि त्याचा अर्थच मुळी भेट. आपल्या गावगाड्यात या दोन्ही अर्थांची गल्लत अजून चालू आहे. उमेदवार मुलाखत देऊन घरी येतो आणि घरातील वडीलधारे मोठ्या मायेने विचारतात, “मग, साहेबांना घरी जाऊन भेटून आलास का?” असे सांगणाऱ्या काकांच्या किंवा मामांच्या मनात पाप असते असे नाही. ज्या काळात सारे व्यवहार ओळखीपाळखीने चालत त्या काळाची ती सवय आहे. पण या ‘भेटून येण्या’च्या पाठोपाठच मध्यस्थ येतो, मध्यस्थापाठोपाठ आकडा येतो, आणि मग शेत गहाण पडते. लाच देणारा हा केवळ बळी असतो असे कायदा आता मानत नाही. १९८८ च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियमात २०१८ साली जी दुरुस्ती झाली, तिने देणाऱ्यालाही सरळ गुन्हेगार ठरविले आहे. ज्याला बळजबरीने द्यावे लागले त्याने सात दिवसांच्या आत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळविले तरच त्याची सुटका आहे. शिक्षकांनी आपल्या माजी विद्यार्थ्यांना आभारपत्राचा नमुना शिकविण्याआधी ही गोष्ट शिकविली तर अधिक बरे होईल.

तेव्हा शासन, जिल्हा परिषद, नगरपरिषद, ग्रामपंचायत, विद्यापीठ, महामंडळ यांच्या मुलाखतीनंतर परीक्षकांना पत्र नको, निरोप नको आणि भ्रमणध्वनीवर हात जोडल्याचे चित्रही नको. नेमणूक झाल्यावर पेढे जरूर वाटावेत. ते घरी, गल्लीत आणि शाळेत. समितीच्या सदस्याच्या दारी पेढ्यांचा पुडा घेऊन जाण्यात निष्पाप आनंदच असला, तरी त्या सदस्याला तो पुडा अडचणीचा होतो. भेटवस्तूंच्या बाबतीत महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ यांनी शासकीय कर्मचाऱ्यांवर जी बंधने घातली आहेत ती त्याला पाळावयाची असतात.

खाजगी अनुदानित शाळांची गोष्ट या दोहोंच्या मध्ये कोठेतरी येते. तेथे मुलाखत संस्थेचे चालक घेतात आणि वेतन मात्र शासनाच्या तिजोरीतून होते. शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी डिसेंबर २०१७ मध्ये प्रथम घेण्यात आली आणि ‘पवित्र’ प्रणालीमार्फत भरती सुरू झाली, तेव्हापासून उमेदवारांपुढे ‘मुलाखतीसह’ आणि ‘मुलाखतीशिवाय’ असे दोन मार्ग आहेत. मुलाखतीसह असलेल्या मार्गाने जाणाऱ्या उमेदवाराने संस्थेला आभारपत्र पाठवावे काय? याविषयी मतभेद होऊ शकेल. परंतु पैसा जनतेचा असेल तेथे शासकीय रीतच पाळावी, हे अधिक सुरक्षित आणि अधिक स्वाभिमानाचे आहे. सहकारी साखर कारखाने व सहकारी बँका यांच्याबाबतही हाच विवेक ठेवावा. संचालक मंडळातील एखादे संचालक आपल्याच गावचे असतात, रोज भेटतात. तेथे तर लेखी आभारांपेक्षा मौनच बरे.

आता निव्वळ खाजगी कंपनी. येथे पत्र पाठविण्यास हरकत नाही, इतकेच नव्हे तर ते पाठवावे. मात्र पत्र पाठविले म्हणजे नोकरी मिळाली, असे मानून चालू नये. मुलाखतीत जे साधले नाही ते पत्राने साधत नाही. पत्राचे काम एवढेच, की उमेदवाराने मुलाखतीत जे बोलणे झाले ते लक्षपूर्वक ऐकले, त्यावर विचार केला आणि त्याला त्या कामाची खरोखरच इच्छा आहे, हे कळावे.

येथे आपल्या मराठी पत्रलेखनाची एक मजेदार अडचण उभी राहते. आपले जुने मायने पाहिले तर आरंभी ‘सप्रेम नमस्कार विनंती विशेष’ आणि शेवटी ‘लोभ असावा ही विनंती’. म्हणजे पत्र विनंतीने सुरू होते आणि विनंतीनेच संपते! घरगुती पत्रात या शब्दांचा अर्थ कोणी शब्दशः घेत नाही. तो मायेचा अलंकार आहे. परंतु नोकरी देणाऱ्याला ‘लोभ असावा’ असे लिहिले, की तो अलंकार न राहता अर्ज होतो. ‘कृपादृष्टी ठेवावी’, ‘आपला सदैव ऋणी’, ‘गरिबाचे कल्याण करावे’ ही वाक्ये तर मुळीच नकोत. दारिद्र्य ही लाज वाटण्यासारखी गोष्ट नाही, पण ती गुणवत्तेच्या जागी पुढे करण्यासारखीही नाही. साधे ‘महोदय’ किंवा ‘महोदया’, आणि खाली ‘आपला’ किंवा ‘आपली’ लिहून सही, एवढे पुरे.

उदाहरणादाखल असे समजू, की रसायनशास्त्र घेऊन पदवी मिळविलेल्या एका मुलीने खाजगी दूध प्रक्रिया प्रकल्पात प्रयोगशाळा साहाय्यकाच्या जागेसाठी मुलाखत दिली. तिला विचारण्यात आले, एका संकलन केंद्राचे दूध लागोपाठ तीन दिवस पातळ आढळले तर काय कराल? ती गडबडून एवढेच म्हणाली, की दुधात पाणी घातले असावे. घरी गेल्यावर तिच्या ध्यानात आले, की लॅक्टोमीटरचे माप दुधाच्या तपमानावर अवलंबून असते आणि ती दुरुस्ती केल्याशिवाय गवळ्यावर ठपका ठेवणे अन्यायाचे होईल. तिचे पत्र पुढीलप्रमाणे असू शकेल :

“महोदय, प्रयोगशाळा साहाय्यक या पदासाठी सोमवारी आपण माझी मुलाखत घेतली व प्रयोगशाळाही दाखविली, याबद्दल आभारी आहे. संकलन केंद्राच्या पातळ दुधाविषयी आपण विचारलेल्या प्रश्नावर नंतर विचार केला. भेसळीचा निष्कर्ष काढण्यापूर्वी लॅक्टोमीटरच्या मापात तपमानाची दुरुस्ती केली आहे किंवा नाही ते पाहावे, त्याच नमुन्यातील स्निग्धांश तपासावा आणि मगच केंद्राकडे चौकशी करावी, असे मला वाटते. हे उत्तर त्या वेळी सुचावयास हवे होते. प्रत्यक्ष काम पाहिल्यानंतर या पदावर काम करण्याची माझी इच्छा अधिक पक्की झाली आहे. आपली,” आणि खाली नाव.

या पत्रात स्तुती नाही, याचना नाही, निकालाची विचारणाही नाही. चूक झाली ती एका ओळीत कबूल केली आणि तिच्यामागची समज दाखविली. असे पत्र वाचणाऱ्या व्यवस्थापकाला निदान एवढे कळते, की या मुलीच्या हाती दुधाच्या नमुन्यांबरोबरच गवळ्यांची अब्रूही सुरक्षित राहील. मात्र चुकलेल्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर पत्रात लिहीत बसलो तर ती पुरवणी परीक्षा होईल. एकच मुद्दा घ्यावा, आणि तसा मुद्दा नसेल तर तो ओढूनताणून आणू नये. आभाराच्या दोन ओळींवर थांबावे.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात सांगता येतील. मुलाखत ज्या भाषेत झाली त्याच भाषेत पत्र लिहावे. इंग्रजीत झाली असेल तर साध्या इंग्रजीत, कोशातून उचललेल्या जड शब्दांत नव्हे. पत्र ई-मेलने पाठवावे, त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी, आणि ज्या पत्त्यावरून मुलाखतीचे बोलावणे आले त्याच पत्त्यावर. विषयाच्या ओळीत पदाचे नाव आणि मुलाखतीची तारीख लिहावी. मुलाखत घेणाऱ्याचा खाजगी दूरध्वनी क्रमांक शोधून त्यावर संदेश पाठविणे अगोचरपणाचे आहे. नाव लिहावयाचे असेल तर अचूक लिहावे. आडनाव चुकवून मानलेले आभार न मानलेलेच बरे. तिघांनी मुलाखत घेतली असेल तर तिघांना एकच मजकूर पाठविण्यापेक्षा तिघांना उद्देशून एकच पत्र पाठवावे. तयार नमुना उतरून काढलेली पत्रे आता शेकड्यांनी येतात, संगणकाकडून लिहवून घेतलेलीही येतात, आणि वाचणाऱ्याला ती पहिल्या ओळीतच ओळखू येतात.

निवड झाली नाही, असे कळविणारे पत्र आले तर त्यालाही एका ओळीचे उत्तर द्यावे, ही सूचना अनेकांना विचित्र वाटेल. नकाराबद्दल आभार कसले? परंतु नकार कळविण्याचे कष्ट फार थोड्या कंपन्या घेतात, आणि ज्यांनी घेतले त्यांच्या सौजन्याची पोच देणे योग्यच होय. शिवाय निवडलेला उमेदवार रुजू होत नाही, किंवा दोन महिन्यांत सोडून जातो, असे खाजगी क्षेत्रात नेहमीच घडते. “कळविल्याबद्दल आभारी आहे, पुढे जागा निघाल्यास माझा विचार व्हावा” एवढे लिहिणे यात कमीपणा काही नाही. रागाने लिहिलेले चार परिच्छेद मात्र फाईलमध्ये वर्षानुवर्षे राहतात.

ज्यांचे आभार हमखास राहून जातात ते मात्र या साऱ्या चर्चेच्या बाहेर असतात. चारित्र्याचा दाखला लिहून देणारे मुख्याध्यापक, सुटीच्या दिवशी ग्रंथालय उघडून देणारे ग्रंथपाल, मुलाखतीच्या आदल्या रात्री शहरात आपल्या खोलीवर उतरू देणारा गावचा मित्र, या कोणाच्याही हाती निकाल नसतो. त्यांना लिहिलेल्या पत्राला वशिल्याचा वास येणे शक्य नाही. निकाल काहीही लागो, तो या मंडळींना आपणहोऊन कळविला पाहिजे. पुष्कळ शिक्षकांना आपला विद्यार्थी नोकरीस लागल्याची वार्ता तिसऱ्याच माणसाकडून कळते.

शेवटी, आभारपत्र ज्यांच्या हाती पडते त्यांच्याविषयी. ग्रामपंचायतीत पाणीपुरवठा कर्मचाऱ्याची किंवा शिपायाची नेमणूक करावयाची असते आणि मुलाखतीच्या दुसऱ्या दिवशी एखाद्या उमेदवाराचे आभारपत्र सरपंचांच्या नावे येते. ते फाडून टाकू नये आणि खिशातही ठेवू नये. इतर कागदाप्रमाणे त्याची आवक नोंदवहीत नोंद करावी, ते समितीच्या सर्व सदस्यांना दाखवावे आणि निवडीच्या फाईलला जोडावे. त्याचा गुणांवर काहीएक परिणाम होता कामा नये. वाढण्याचा नाही, तसाच घटण्याचाही नाही. कारण पत्र पाठविणारा उमेदवार बहुधा कोणाच्या तरी सांगण्यावरूनच ते पाठवीत असतो. त्याला स्वतंत्र उत्तर देऊ नये. उत्तर द्यावयाचे ते सर्वांनाच, आणि ते म्हणजे निकाल. निवड झालेल्याला आदेश जातो, पण न झालेल्यांना एक पत्र टाकण्याची आठवण फार थोड्या कार्यालयांना होते. दहा उमेदवार मुलाखतीस आले असतील तर नऊ पत्रे लिहावी लागतील. मजुरी बुडवून, एस. टी. चे भाडे भरून ते नऊ जण आलेले असतात. निवड यादी फलकावर लावून तिची तारीख नोंदविणे आणि नऊ जणांना त्याच आठवड्यात लेखी कळविणे हे काम ग्रामपंचायत अधिकाऱ्याने मासिक सभेच्या विषयपत्रिकेत घेऊन टाकावे.